मुठीत ठेवलेला आवाज

१

गोटी रोज दुपारी माझ्या दुकानात येते आणि मी जिथे नव्हतेच त्या दिवसांच्या आठवणी मला सांगते.

तिचं येणं ठरलेलं. मी जेवून खाली उतरते, दुकानाचं शटर अर्धं वर करते, मशीनला तेल देते, तोवर ती समोरून रस्ता ओलांडते. इस्त्रीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसते, चपला काढते आणि पाय खुशाल कापडाच्या ताग्यावर ठेवते. मी रोज ओरडते. ती रोज हसते आणि पाय तिथेच ठेवते. माझे वडील शिंपी होते, त्यांच्यामागे मी दुकान चालवते. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने तर गणवेशांखाली गाडलेली असते. गोटीचे वडील समोरचे घड्याळजी. ती लग्न करून गेली होती, नवरा वारल्यावर परत वडिलांच्या घरी राहायला आली. मी कुठे गेलेच नाही.

"आठवतं का गं मुके," ती सुरू करते, "तू बाईंचा चष्मा घालून त्यांची शिंक करून दाखवली होतीस? आणि बाई दारातच उभ्या होत्या?"

"आठवतं," मी म्हणते.

"आणि बाईच हसल्या! आपली मेली कधी न हसणारी बाई!"

तिचे डोळे तेव्हा अगदी लहानपणासारखे गोल होतात. गोटी हे नाव त्या डोळ्यांवरूनच पडलं. मग ती जरा पुढे सरकते, आवाज खाली आणते आणि रोजचं शेवटचं वाक्य बोलते. "तू माझ्या कानात सांगितलंस ना, ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही हं."

मी मान हलवते आणि खाली शिवणीकडे बघते. काय सांगितलं होतं ते मला माहीत नाही. चाळीस वर्षं झाली, विचारायची सोय नाही, कारण सांगणारी मीच होते असं तिचं म्हणणं आहे.

त्या दिवसांत मी घरी अंथरुणावर होते.

२

शाळेत एकेका बाकावर दोघी दोघी बसायच्या. आमच्या वर्गात जोड्या लावून झाल्या की एक मुलगी उरायची. ती मी. शेवटच्या बाकावर, भिंतीकडच्या अर्ध्यात. दुसरा अर्धा रिकामा.

गल्लीत मात्र असं नव्हतं. गल्लीत गोटी माझी होती. आमच्या दुकानातली रिकामी रिळं आणि तिच्या वडिलांकडची मोडकी चाकं घेऊन आम्ही पायरीवर अख्खं गाव वसवायचो. तिथे माझं तोंड बंद व्हायचं नाही. मी नकला करायची, गोष्टी रचायची, गोटी पोट धरून हसायची. आई वरून ओरडायची, "अगं, श्वास तरी घे!"

पण शाळेचं फाटक आलं की गोटी माझा हात सोडायची. शाळेत ती डॉक्टरीणबरोबर बसायची. डॉक्टरांची मुलगी म्हणून तिला सगळ्या डॉक्टरीण म्हणत. तिचा गणवेश बाबांनीच शिवलेला, चांगल्या ताग्यातला, भरपूर चुण्यांचा. माझा उरलेल्या तुकड्यांतून. निळा तोच, पण उन्हात आलं की माझा जरा जांभळट दिसायचा. मधल्या सुट्टीत मैदानात मी लांबूनच ओळखू यायची. वर्गात माझ्या घशातून शब्द फुटायचा नाही, म्हणून डॉक्टरीणने मला मुकी नाव ठेवलं. गोटी त्यावर हसली. नावापेक्षा ते हसणं मला जास्त झोंबलं.

आता आमच्या वर्गाची एक रीत सांगायला हवी. बाई हजेरी घेताना मान वर करत नसत. एका हाताने वह्या तपासत आणि तोंडाने आकडे म्हणत. ज्या रांगेची महिनाभर हजेरी भरेल त्या रांगेला शनिवारी आधी सोडायच्या. म्हणून मुलींनी शोध लावला होता. उद्या यायचं नसेल तर आज आपला आवाज बाकावरच्या सोबतिणीकडे ठेवायला द्यायचा. सोबतीण मूठ पोकळ करून पुढे धरायची. हिने मुठीला तोंड लावून हळूच "हजर" म्हणायचं. की तिने मूठ मिटायची. दुसऱ्या दिवशी आकडा आला की मूठ तोंडाशी उघडून तोच शब्द म्हणायचा. मुलगी परत आली की मूठ तिच्या कानाशी उघडायची, म्हणजे आवाज परत मिळाला. तो परत घेतला नाही तर घसा बसतो म्हणे.

खेळच होता तो. पण गोटी आणि डॉक्टरीण एकमेकींच्या मुठीत तोंड घालून खुसखुसायच्या तेव्हा मी शेवटच्या बाकावरून बघत बसायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझा आवाज कुणी कधी ठेवून घेतला नव्हता.

३

एका दुपारी वर्गात माझा कान ठणकू लागला. बाईंनी माझी हनुवटी वर केली, गालाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"गालगुंडं आहेत ही. घरी जा. सूज उतरेपर्यंत शाळेचं तोंड बघू नकोस."

बाई हात धुवायला बाहेर गेल्या. मी दप्तर घ्यायचं सोडून सरळ गोटीच्या बाकापाशी गेले.

"माझा आवाज ठेवशील?"

वर्गात मी बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य असेल. गोटीने आधी डॉक्टरीणकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाकावरचीचाच ठेवतात," ती म्हणाली. "तुझ्या शेजारी कोण आहे?"

"कोणीतरी असेल की," डॉक्टरीण म्हणाली. "विचार तिला."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी मागे आले. कान ठणकत होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि राग तर मावत नव्हता. आमच्या बाकांना पुस्तकं ठेवायला कप्पे होते, वर लाकडी झाकण. मी माझ्या कप्प्यातलं सामान दप्तरात कोंबलं. मग शेजारच्या रिकाम्या अर्ध्याचं झाकण उघडलं. आत पेन्सिलीच्या सालपटांचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. मी त्यात तोंड घातलं आणि म्हटलं, "हजर."

इतकं स्पष्ट मी वर्गात कधीच बोलले नव्हते. मग झाकण सोडून दिलं.

ती झाकणं जड होती. सोडली की धाडकन आपटायची, बाई दचकायच्या, आम्हाला शिक्षा व्हायची. हे आपटलं नाही. कुणीतरी आतून हातांवर झेलून अलगद टेकवावं तसं बसलं.

४

दुकानाच्या वरची ही खोली, जिथे मी आजही झोपते, तिथेच मला ठेवलं होतं. खालून दिवसभर बाबांच्या मशीनची घरघर यायची. आईने माझ्या जबड्याभोवती लोकरी मफलर बांधून डोक्यावर गाठ मारली होती. आरशात बघितलं तर दोन्ही गाल मानेत उतरलेले. स्वतःची ओळख पटायची नाही. आई म्हणायची, "बघू नकोस गं सारखी. उतरेल. चेहरा कुठे पळून जात नाही."

खिडकीतून गल्ली दिसायची. शाळा सुटायच्या वेळेला मी उशी घेऊन खिडकीत बसायची. कशासाठी, तर गोटी मान वर करून बघते का हे पाहायला. पहिले काही दिवस ती आणि डॉक्टरीण हातात हात घालून गेल्या. गोटीने वर पाहिलं नाही. मी मफलरमध्ये रडले.

मग एका दिवशी डॉक्टरीण एकटीच मागे राहिलेली दिसली. तोंड फुगवलेलं, पाय ओढत चाललेली. मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू. पण तिच्या पुढे गोटी होती आणि गोटीच्या खांद्यावर कुणाचातरी हात होता. मला वरून दिसला तो फक्त भांग, दोन वेण्या आणि पाठीवरचं दप्तर. ती मुलगी काहीतरी सांगत होती, हातवारे करत होती, आणि गोटी पोट धरून हसत होती. माझ्या पायरीवर हसायची तशी.

दोघी सावलीतून उन्हात आल्या. त्या मुलीचा स्कर्ट जांभळट दिसला.

मी मागे वळून पाहिलं. माझा गणवेश खुंटीला होता. उठून हात लावून बघितला. कोरडा, थंड, घडी पडलेला. परत खिडकीशी येईतो गोटी एकटीच रस्ता ओलांडत होती आणि गल्लीच्या कोपऱ्याकडे बघून हात हलवत होती.

संध्याकाळी मी आईला विचारलं, "बाबांनी त्या तुकड्यांतून आणखी कुणाचा गणवेश शिवला का?"

"कसले तुकडे उरलेत? तुझाच कसाबसा बसवला. का गं?"

"काही नाही."

ताप होता. उन्हाने निळे रंग फसवतात, हे शिंप्याच्या मुलीला सांगायला नको. शाळेत कुणी नवीन मुलगी आली असेल, माझ्या जागी बसत असेल. मी असं सगळं मनाशी घोळवलं आणि मला ते पटलंही. भीती वाटलीच नाही. रात्रभर एकच गोष्ट खुपत राहिली, की गोटीने फाटकाच्या आत-बाहेर न बघता कुणालातरी आपल्या खांद्यावर हात टाकू दिला होता.

५

सूज उतरली. शाळेला निघाले तर गोटी आमच्या पायरीवर उभी.

"चल ना लवकर! किती वेळ लावतेस!"

तिने माझ्या हातात हात अडकवला. फाटक आलं. तिने हात सोडला नाही. मी त्या हातांकडेच बघत चालले, पुढचं मला नीट कळलंच नाही. वर्गात शिरताच सगळ्यांनी "आली, आली!" केलं. डॉक्टरीणने तोंड फिरवलं. आणि गोटी मला ओढत शेवटच्या बाकाकडे घेऊन गेली आणि भिंतीकडच्या अर्ध्यात बसली. तिथे तिचं दप्तर होतं, तिची वही होती, कप्प्यावर तिने पेन्सिलीने कोरलेलं घड्याळ होतं.

तिने शेजारच्या अर्ध्यावर थाप मारली. "बस की तुझ्या जागेवर."

माझी जागा ती नव्हती. माझ्या जागेवर गोटी बसली होती. मी रिकाम्या अर्ध्यावर टेकले. लाकूड ऊबदार होतं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं.

हजेरीत माझा आकडा आला. "हजर," मी म्हटलं. नेहमीसारखं, घशातल्या घशात. बाईंनी मान वर केली. त्यांना मान वर करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आज बरं नाही का?"

"बाई, मी आजारी होते ना."

"केव्हा?" असं म्हणून त्या पुन्हा वहीत शिरल्या.

मधल्या सुट्टीत सगळ्यांनी घेरलं. शिंक करून दाखव. ती भुताची गोष्ट पुरी कर. काल अर्धी सोडलीस. मी एकेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. "मला येत नाही," मी म्हटलं, तर त्या हसल्या. त्यांना वाटलं हीसुद्धा नक्कलच. दुसऱ्या दिवशी कमी हसल्या. तिसऱ्या दिवशी दोघी-तिघींनीच विचारलं.

"माझ्यावर रागावलीस का गं?" गोटीने विचारलं.

"नाही."

"मग बोल ना तशी."

"कशी?"

"मागच्या आठवड्यासारखी! आणि तो शाईचा डाग धुतलास वाटतं? किती रडकुंडीला आलेलीस, आई मारेल म्हणून." तिने माझ्या स्कर्टची कड उचलून इकडून तिकडून पाहिली. कापड स्वच्छ होतं.

मागच्या आठवड्यात मी मफलर बांधून पडले होते. हे मी तिला सांगू शकले असते. पण सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग ती कोण होती? आणि तिला ती जास्त आवडली होती हे तिच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. आठवडा संपायच्या आत गोटी दप्तर उचलून डॉक्टरीणशेजारी गेली. जाताना तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी हिरावून घेतलं होतं.

मत्सर कुणाचा करायचा हे तरी माणसाला ठाऊक असतं. डॉक्टरीणचा मी केला होता तेव्हा तिच्या चुण्या दिसत होत्या, तिचं नाक दिसत होतं. ही नुसती एक वेणी आणि एक दप्तर. तिने माझ्या बाकावर, माझ्या स्कर्टमध्ये, माझी मैत्रीण मिळवली होती आणि मला ती परत रिकामी करून दिली होती.

६

आवाज परत घ्यायचा राहिला होता. हे माझ्या डोक्यात उशिरा आलं.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा होईपर्यंत मी थांबले. मैदानातून आरडाओरडा येत होता. मी माझ्या जुन्या, भिंतीकडच्या जागेवर बसले आणि शेजारच्या झाकणावर कान ठेवला. लाकडाचा आवाज असतो, सगळ्याच लाकडाचा असतो, असं मी स्वतःला बजावत होते. आत कुणीतरी श्वास आवरून बसलं होतं. लपंडावात राज्य घेणारी जवळ आली की आपण आवरतो, तसा. हसू दाबत.

मी झाकण बोटभर उचललं.

"हजर," आतून आलं.

माझाच आवाज. पण वर्गातला नव्हे, पायरीवरचा. श्वास न घेता बोलणारा, नकला करणारा, गोटी ज्याला हसायची तो. मी तो शाळेत कधी आणलाच नव्हता, आणि तो इथे होता, खुशीत होता. खोल आत, जिथे कप्प्याची मागची फळी असायला हवी तिथे, निळ्या कापडाची एक कड दिसली. अंधारातसुद्धा तिच्यावरचा शाईचा डाग दिसत होता. ती हळूच आत ओढली गेली.

कान तसाच ठेवला असता तर तो आवाज मला परत मिळाला असता. नियमच होता तसा. पण मला वाटलं, हा घेतला तर उद्यापासून गोटी हसेल ती कुणाला? मला की हिला? हिचं उष्टं मला नको होतं.

मी झाकण सोडलं. या खेपेला ते धाडकन आपटलं.

७

त्यानंतर मी शाळा एकदाही चुकवली नाही. तापात गेले, पाय मुरगळलेला असताना गेले, आत्या वारली त्या दिवशी आईशी भांडून गेले. वर्षाच्या शेवटी पूर्ण हजेरीची कंपासपेटी मिळाली. आईने ती शेजारपाजारी दाखवली. तिला वाटलं पोरगी अभ्यासाची. मी जागेवर पहारा देत होते.

पुढच्या इयत्तेच्या आधी बाबा माझ्या स्कर्टची खालची दुमड उसवून तो लांब करत होते. उसवता उसवता थांबले.

"दुमडीच्या आत शाई कशी सांडवलीस गं? शिवणीच्या आत?"

कपाळाला आठ्या घालून त्यांनी तो डाग उजेडात धरला. नंतर तेवढा भाग कापून टाकला आणि आतून पट्टी लावली. बाबांनी शिवण कधी तिरकी घातली नाही. ती पट्टी तिरकी बसली होती.

शाळा संपली. डॉक्टरीण गावाबाहेर गेली, तिला गोटीची आठवण उरली नाही. गोटी माझ्याकडे परत आली, आणि मी तिला येऊ दिलं, कारण मला तीच हवी होती. एवढ्या वर्षांत मी दुकान एक दिवस बंद ठेवलं नाही. लोक म्हणतात, बाई कष्टाळू आहे. म्हणू देत.

कधी कधी माझी बुद्धी म्हणायची, अगं, पोरवयातला ताप तो. गोटीची आठवण म्हणजे सरमिसळ. कुणा दुसरीच्या खोड्या तिने तुझ्या नावावर टाकल्या असतील. मला हे पटायचं, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दुपारी गोटी यायची, ताग्यावर पाय ठेवायची आणि माझ्याकडे बघता बघता माझ्या खांद्याच्या जरा मागे बघायची. स्टेशनवर गाडीची वाट बघणारी माणसं बोलतात आपल्याशी, पण नजर रुळांवर असते, तसं.

८

या महिन्यात माझा घसा बसला. आधी खरखर, मग कुजबुज, मग तीही जेमतेम. डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की बोलणं पूर्ण बंद, आणि कापडाच्या धुळीत बसायचं नाही. वर जाऊन पडून राहा.

गणवेशांचे दिवस. खाली ढीग पडलेला. मी मानेनेच नाही म्हटलं. गोटी माझ्याबरोबर आली होती, तिने मला दटावलं.

"हट्ट करू नकोस. काय आभाळ कोसळणार आहे का? मी बसते ना खाली. गिऱ्हाईक आलं तर सांगते."

तिने मला वर आणलं, उशी सारखी केली, पाणी ठेवलं. मग खाटेच्या कडेवर बसली आणि तिने तिचा हात पुढे केला. मूठ पोकळ करून.

"दे," ती म्हणाली. "ठेव माझ्याकडे."

सुरकुतलेली मूठ होती ती, लहानपणी नखांना असायचा तो घड्याळाच्या तेलाचा वास आता नसलेली. पण माझ्यासाठी ती शाळेतल्या, डॉक्टरीणशेजारच्या बाकावरचीच होती. ही मूठ पुढे यावी म्हणून मी तेव्हा काहीही दिलं असतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आपण केवढ्या बायका झालो आणि हे काय, असंही वाटलं नाही. मी वाकले, तिच्या मुठीला ओठ लावले, आणि घशात जेवढा उरला होता तेवढा सगळा आवाज गोळा करून म्हटलं, "हजर."

गोटीने मूठ मिटली. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत. तिचे डोळे गोल झाले होते.

"किती वर्षं वाट बघितली गं," ती म्हणाली.

मला वाटलं ती मला म्हणाली. मूठ छातीशी धरून ती जिना उतरली, तेव्हाही मला तसंच वाटत होतं. मी इतकी सुखात होते की लगेच झोप लागली.

९

दुपारी जाग आली ती मशीनच्या आवाजाने.

गोटीला शिवता येत नाही. बटण तुटलं तरी माझ्याकडे आणते. आणि माझ्या मशीनला एक खोड आहे. चाक दर फेरीला अडखळतं, टक् करतं. बाबा गेल्यापासून ते टक् मला कधी घालवता आलेलं नाही. खालून घरघर येत होती, सलग. टक् येत नव्हतं.

मग गोटी हसली. पोट धरून, श्वास लागेपर्यंत. मी ते हसणं पायरीवर ऐकलं होतं, खिडकीतून पाहिलं होतं. दुकानात एवढ्या दुपारी गेल्या, तिथे ते एकदाही ऐकलं नव्हतं.

मी जिना उतरले. खाली दाराऐवजी कापडाचा पडदा आहे. मी तो बोटभर सरकवला. स्वच्छ उजेड होता, शटर पूर्ण वर होतं. गोटी स्टुलावर, तोंड माझ्याकडे, पाय ताग्यावर. तिला कुणी ओरडत नव्हतं. टेबलावर शिवून झालेले गणवेश घडी घालून ठेवले होते, आणि लांबूनही मला शिवणी दिसल्या. सरळ होत्या. माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. मशीनवर पाठमोरी एक बाई बसली होती, माझ्याच अंगापिंडाची. केस माझ्यासारखेच पिकलेले. फक्त त्यांच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या.

मी तिथे घाबरायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मला तिचा हेवा वाटला. दहा वर्षांची असताना वाटला होता तसाच.

तिने मशीन थांबवली, गोटीकडे वाकली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. गोटीने डोळे मिटून ऐकलं. उघडले तेव्हा तिला पडदा हलताना दिसला.

"कोण आहे गं तिकडे?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली. तो एकच शब्द म्हणायचा होता. काही आलं नाही.

पाठमोरी बाई वळली नाही. "कोणी नाही," ती माझ्या पायरीवरच्या आवाजात म्हणाली. "वर कुणी राहत नाही."

गोटी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग तिने स्टूल ओढलं आणि ती त्या बाईच्या शेजारी जाऊन बसली.